उणीव कोणत्या मापाने मोजली?

मराठीत विचार करून इंग्रजीत अहवाल लिहिणारा माणूस एका जागी हमखास अडखळतो. काम बरं झालंय, पण काहीतरी कमी पडलंय, एवढंच सांगायचं असतं. मराठीत त्याच्यापाशी उणीव, त्रुटी, दोष, खोट, वैगुण्य, कमतरता, कसर असे कितीतरी शब्द असतात आणि कुठला कुठे बसतो हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. सोन्यात खोट निघते, अर्जात त्रुटी निघतात, सरावात कसर राहते. इंग्रजीकडे वळलं की हा सगळा संच आटतो. हाती उरतात दोनच: बोलताना ‘प्रॉब्लेम’ आणि लिहिताना ‘शॉर्टकमिंग’. शब्दकोश उघडावा तर तो शॉर्टकमिंगपुढे डिफेक्ट, फ्लॉ, फॉल्ट, ड्रॉबॅक, डेफिशियन्सी, वीकनेस, फेलिंग अशी रांग लावून मोकळा होतो. जणू कुठलाही उचला, चालेल.

चालत नाही. यातल्या प्रत्येक नामामागे एक वेगळं माप आहे. कशाच्या तुलनेत कमी, हे त्या नामात आधीच ठरलेलं असतं आणि बरेचदा त्या कमीबद्दल उत्तर कुणी द्यायचं हेही. म्हणून एकाच गोष्टीला दोन वेगळी नावं दिली की केवळ भाषा बदलत नाही, काही ठिकाणी भुर्दंड कुणाला पडणार हे बदलतं.

हातातला फोनच घ्या. बॅटरी दुपारीच संपते, ही शॉर्टकमिंग. बॅटरी फुगून मागचं झाकण उचलू लागली, हा डिफेक्ट. बॅटरी मोठी बसवली म्हणून फोन जड झाला, हा ड्रॉबॅक. पासवर्ड न विचारता कुलूप उघडण्याची एक वाट रचनेतच राहून गेली, हा फ्लॉ. कॅमेरा अंधारात चित्र टिपत नाही पण तसं टिपेल असं कुणी म्हटलंच नव्हतं, ही लिमिटेशन. फोन हातातून पडून काच तडकली तर तो यातलं काहीच नाही, ते नुसतं डॅमेज. आता फुगलेल्या बॅटरीच्या तक्रारीत ‘शॉर्टकमिंग’ लिहून पाहा. वाचणाऱ्याला वाटेल, ग्राहकाला आणखी चांगली बॅटरी हवी होती.

‘शॉर्टकमिंग’ हे नाम ‘कम शॉर्ट’ या क्रियापदातून आलंय: मजल मारली, पण मुक्कामापर्यंत पोचली नाही. म्हणजे मुक्काम ठरलेला हवा, आणि तिथवर जायचा काही प्रयत्न झालेला हवा. हा शब्द सौम्य वाटतो तो यामुळे. ज्याच्या शॉर्टकमिंग्ज सांगता येतात, ते मुळात दखल घेण्याजोगं असतं. पुस्तकाच्या परीक्षणात, योजनेच्या मूल्यमापनात, एखाद्या पद्धतीच्या चर्चेत तो शोभतो. साफ फसलेल्या गोष्टीला तो लावला तर एकतर भिडस्तपणा वाटतो किंवा उपहास. पूल कोसळल्यावर ‘बांधकामात काही शॉर्टकमिंग्ज होत्या’ असं लिहिणारा काहीतरी झाकतोय, असंच वाचणारा धरून चालतो.

वापराचे तपशील थोडेच आहेत, पण चुका तिथेच होतात. शब्द एकसंध लिहायचा. ‘शॉर्ट’ आणि ‘कमिंग’ मध्ये जागा सोडली की चूक. तो बहुधा अनेकवचनात येतो. एकवचनात आणायचा तर पुढे ‘मेन’, ‘मेजर’, ‘वन’ असं काहीतरी लागतं: ‘द मेन शॉर्टकमिंग ऑफ द स्टडी’. ज्याची उणीव आहे त्याच्यासाठी ‘ऑफ’, ज्या भागात आहे त्यासाठी ‘इन’: ‘शॉर्टकमिंग्ज ऑफ द प्लॅन’, पण ‘शॉर्टकमिंग्ज इन ट्रेनिंग’. क्रियापदं ठरलेली आहेत. दुसऱ्याच्या शॉर्टकमिंग्ज ‘पॉइंट आउट’ किंवा ‘एक्स्पोज’ करतात, स्वतःच्या ‘ॲक्नॉलेज’ करतात, दूर करायच्या तर ‘ॲड्रेस’ किंवा ‘ओव्हरकम’. ‘रिपेअर’ मात्र कधीच नाही. दुरुस्त होतो तो डिफेक्ट. शॉर्टकमिंग भरून काढायची असते.

‘ड्रॉबॅक’ला एक फायदा सोबत लागतो. जमेची बाजू नसेल तर ड्रॉबॅक असूच शकत नाही. गाडी वेगवान आहे, ड्रॉबॅक हा की आवाज करते. जकातीच्या व्यवहारात या शब्दाचा अर्थ आजही वेगळा आहे: आयात करताना भरलेला कर माल पुन्हा निर्यात झाल्यावर परत मिळतो, त्या परताव्याला ‘ड्युटी ड्रॉबॅक’ म्हणतात. निर्यातदाराला ड्रॉबॅक मिळाला तर तो खूश होतो, हे माहीत नसलेला अनुवादक त्याचा ‘तोटा’ करून टाकतो. आणि माणसांना हा शब्द लावू नये. ‘हिज ड्रॉबॅक इज अँगर’ हे वाक्य व्याकरणात बसतं, पण माणूस म्हणजे विकत घ्यायचा पंखा असल्यासारखं वाटतं.

खरी गुंतागुंत फ्लॉ आणि डिफेक्ट यांच्यात आहे. इथे जरा थांबायला हवं, कारण रोजच्या इंग्रजीत हे दोन शब्द खुशाल अदलाबदल होतात आणि कारखान्यात अजिबात होत नाहीत.

दोन पोलादी पत्रे वेल्डिंगने जोडले. जोड न फोडता आत काय आहे हे पाहायला अल्ट्रासाउंड किंवा एक्स-रे लावतात. पडद्यावर काही उमटलं तर तपासणारा त्याला आधी फक्त ‘इंडिकेशन’ म्हणतो. ते उपकरणाचं बिनसलेपण असेल, पृष्ठभागाचा खडबडीतपणा असेल किंवा खरोखरच आत काही असेल. आत सलगपणा तुटलाय असं ठरलं, म्हणजे हवेचा बुडबुडा, अडकलेली मळी, न वितळलेली कड, तर ती ‘डिस्कंटिन्युइटी’. ती तपासणीत सापडण्याजोगी असली की तिला ‘फ्लॉ’ म्हणता येतं. आणि अमेरिकेच्या एएसटीएम या मानक संस्थेच्या ई १३१६ या परिभाषा-मानकात अगदी स्पष्ट म्हटलंय की फ्लॉ असला म्हणजे वस्तू नाकारलीच पाहिजे असं नाही. फ्लॉचा आकार, लांबी, जागा, दिशा हे स्वीकृतीच्या निकषाबाहेर गेलं, तरच तो ‘डिफेक्ट’. आणि डिफेक्ट ठरला की तो भाग आहे तसा पास होत नाही.

म्हणजे तोच बुडबुडा. एका कामाच्या निकषात बसला तर फ्लॉ आणि जोड पास. अधिक दाब सोसणाऱ्या, अधिक कडक निकषाच्या कामात डिफेक्ट, आणि जोड खरवडून पुन्हा वेल्ड करायचा. बुडबुड्यात काडीचाही फरक नाही, फरक मापात. म्हणून अनुभवी तपासनीस निकष पाहिल्याशिवाय अहवालात ‘डिफेक्ट’ लिहीत नाही. नवशिका पडद्यावरच्या प्रत्येक उंचवट्याला डिफेक्ट म्हणतो आणि मग चांगला जोड का कापला याचं उत्तर शोधत बसतो.

मालाच्या तपासणीत तर यावर थेट आकडे बसतात. नगांची सॅम्पल तपासणी आयएसओ २८५९-१ या मानकातल्या तक्त्यांनी करतात. १२०१ ते ३२०० नगांची खेप असेल तर नेहमीच्या दुसऱ्या पातळीला १२५ नग काढून पाहायचे. डिफेक्टचे तीन वर्ग: वापरणाऱ्याला इजा करू शकणारा तो क्रिटिकल, वस्तूचं काम किंवा विक्री अडवणारा तो मेजर, आणि नुसता डोळ्यांना खटकणारा तो मायनर. बऱ्याच करारांत मेजरला २.५ आणि मायनरला ४.० अशी ‘एक्यूएल’ ही मर्यादा (सरासरीने चालवून घ्यायच्या सदोष नगांची टक्केवारी) धरलेली असते, क्रिटिकल एकही चालत नाही. तक्ता सांगतो: १२५ नगांत मेजर ७ निघाले तर खेप घ्या, ८ निघाले तर नाकारा. मायनर १० पर्यंत चालतील, ११ झाले की नाही. आता कपड्यावर सुटलेला एक धागा घ्या. तपासनीस त्याला मेजर म्हणतो की मायनर, यावर आठवा डिफेक्ट भरतो की नाही हे ठरतं, आणि त्यावर संपूर्ण खेप. भांडण धाग्यावरून असतं असं वरवर दिसतं. ते विशेषणावरून असतं. शहाणे लोक माल बनण्यापूर्वीच कुठला दोष कुठल्या वर्गात याची फोटोसकट यादी करारात घालतात.

डिफेक्ट या शब्दाची आणखी एक धास्ती आहे, कायद्याची. गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आयएसओ ९०००:२०१५ या शब्दावलीत आवश्यकता पूर्ण न होणं म्हणजे ‘नॉनकन्फॉर्मिटी’. ती ठरलेल्या किंवा अपेक्षित वापराशी संबंधित असली तरच ‘डिफेक्ट’. त्याच्या टिपेत हा भेद कायदेशीर जबाबदारीमुळे महत्त्वाचा असल्याचं नमूद आहे. अमेरिकी कायद्यात सदोष वस्तूच्या दाव्यांत तीन प्रकार मानतात: रचनेतला डिफेक्ट, उत्पादनातला डिफेक्ट आणि धोक्याची पुरेशी सूचना न देणं. कंपनीच्या अंतर्गत ई-मेलमध्ये कुणी सहज ‘धिस इज अ डिझाइन डिफेक्ट’ असं लिहून गेला, तर पुढे खटल्यात ते वाक्य कबुलीसारखं समोर ठेवलं जाऊ शकतं. म्हणून अभियंत्यांना ‘ऑब्झर्व्हेशन’, ‘डीव्हिएशन’ असे थंड शब्द वापरायला सांगतात. हे नेहमी लपवाछपवीच असते असं नाही. तपास पूर्ण होण्याआधी निकाल लिहू नये, इतकाच त्याचा साधा अर्थ. लपवाछपवीसाठीही तेच शब्द वापरले जातात, हे मात्र खरं.

सॉफ्टवेअर तपासणाऱ्यांची साखळी वेगळी. माणूस करतो तो ‘एरर’, त्यातून कोडमध्ये राहतो तो ‘डिफेक्ट’, आणि तो कोड चालल्यावर बाहेर दिसतं ते ‘फेल्युअर’. डिफेक्ट वर्षानुवर्षं निपचित पडून राहू शकतो. ती ओळ चाललीच नाही तर फेल्युअर नाही. वापरणाऱ्याला दिसतं ते फेल्युअर, पण तक्रारीत तो लिहितो ‘डिफेक्ट’, आणि मग ‘आमच्याकडे तर चालतंय’ हा सनातन वाद सुरू होतो. पाहिलं ते लिहावं: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. डिफेक्ट कुठे आहे ते शोधणं पलीकडच्याचं काम. ‘बग’, शब्दशः किडा, हा या घरातला लाडका शब्द. हार्वर्डच्या मार्क २ या संगणकाच्या रिलेमध्ये ९ सप्टेंबर १९४७ रोजी सापडलेला पतंग नोंदवहीत चिकटवला गेला, त्यावरून हा शब्द आला असं सर्रास सांगतात. पण यंत्रातल्या बारीक अडचणींना एडिसनने १८७८ मधल्या एका पत्रात ‘बग्ज’ म्हटलेलं आहे. पतंगाच्या नोंदीपुढे ‘प्रत्यक्ष बग सापडल्याची पहिली घटना’ अशा अर्थाचं जे लिहिलंय तो विनोद आहे, आणि तो विनोद जमतो कारण शब्द आधीपासून होता.

‘डेफिशियन्सी’ला आकडा लागतो. किती असायला हवं हे ठरलेलं, त्याखाली गेलं की डेफिशियन्सी. आयर्न डेफिशियन्सी म्हणायला डॉक्टर चेहऱ्याचा फिकटपणा पाहून थांबत नाही, रक्तातलं फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, मोजतो. निरोगी प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची सीमा लिटरला १५ मायक्रोग्रॅम. शरीरात दाह किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन वाढून दिसतं, म्हणून तिथे हीच सीमा चालत नाही. आयर्न डेफिशियन्सी आणि ॲनिमिया हेही एक नव्हे: साठा संपत आलेला असतो तेव्हा हिमोग्लोबिन ठीक असू शकतं. तोच ‘कमी’ बाजारात गेला की ‘शॉर्टेज’, कारण तिथे मागणीच्या तुलनेत पुरवठा मोजतात. उद्दिष्ट आणि प्रत्यक्ष यांतलं अंतर म्हणजे ‘शॉर्टफॉल’. जमेपेक्षा खर्च जास्त तर ‘डेफिसिट’. आणि मोजलंच नसेल, किंवा मुळात मोजण्याजोगं नसेल, तर ‘लॅक’. आत्मविश्वासाची शॉर्टेज नसते, लॅक असतो. या ‘लॅक’चं अनेकवचन करून ‘लॅकिंग्ज’ लिहिणं ही आपल्याकडची जुनी खोड. असा शब्द प्रमाण इंग्रजीत नाही. क्रियापद म्हणून वापरलं तर त्यापुढे ‘ऑफ’ही नको: ‘ही लॅक्स कॉन्फिडन्स’, बस्स.

हिशेब तपासनीसांच्या जगात डेफिशियन्सीच्या पायऱ्या पडल्या आहेत. २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्यानंतर अमेरिकेत नोंदलेल्या कंपन्यांच्या अंतर्गत नियंत्रणांचं मूल्यमापन होतं, तिथे सर्वात खाली साधी डेफिशियन्सी, मग ‘सिग्निफिकंट डेफिशियन्सी’ आणि वर ‘मटेरियल वीकनेस’. ऐकायला वीकनेस मवाळ वाटतो. पण वित्तीय विवरणांत मोठी चूक वेळेत पकडली न जाण्याची वाजवी शक्यता असेल, तर तो मटेरियल वीकनेस, आणि तसा एक जरी असला तरी आमची नियंत्रणं परिणामकारक आहेत असं व्यवस्थापनाला म्हणता येत नाही. या क्षेत्राबाहेरचा अनुवादक ‘किरकोळ कमजोरी’ लिहून जातो, तेव्हा अर्थ पार उलटा होतो.

विम्यात आणखी निराळा शब्द, ‘इनहेरंट व्हाइस’. व्हाइस म्हणजे दुर्गुण, पण इथे मालाचा. फळं वाटेत आपोआप सडली, बाहेरचा काही अपघात नाही, तर तो मालाचा अंगभूत दोष. ब्रिटनच्या १९०६ च्या सागरी विमा कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार करारात वेगळं ठरलं नसेल तर विमाकंपनी त्याची भरपाई देत नाही. पेटी फुटून पाणी शिरलं म्हणून सडली, तर गोष्ट वेगळी. सडणं तेच.

‘फॉल्ट’ मात्र बोट दाखवतो. ‘हूज फॉल्ट इज इट’ असं विचारता येतं. ‘हूज शॉर्टकमिंग’ असं कुणी विचारत नाही. नाचता येईना अंगण वाकडे, यात नाचणारा जे करतो ते फॉल्टचं स्थलांतर. विजेचा फॉल्ट, जमिनीच्या थरांतला फॉल्ट, टेनिसच्या सर्व्हिसचा फॉल्ट हे तांत्रिक अर्थ ज्याच्या त्याच्या जागी ठीक. लक्षात ठेवायचं ते ‘फाइंड फॉल्ट विथ’, म्हणजे उणेदुणे काढणं. त्यात ‘अ’ घालायचा नाही. आणि ‘जेनरस टू अ फॉल्ट’ ही निंदा नाही: अति म्हणावं इतका उदार.

शोधनिबंधात मुख्यतः तीन शब्दांची गल्लत होते. लिमिटेशन म्हणजे जाणून आखलेली किंवा टाळता न आलेली मर्यादा. शॉर्टकमिंग म्हणजे करायला हवं होतं ते पुरतं झालं नाही. फ्लॉ म्हणजे निष्कर्षच डळमळतो. पाहणी फक्त शहरी लोकांची केली आणि शीर्षकात तसं म्हटलं, तर ती लिमिटेशन. प्रश्नावली आधी थोड्या लोकांवर अजमावून न पाहता वापरली, म्हणून काही उत्तरं धूसर आली, ही शॉर्टकमिंग. फक्त शहरी उत्तरांवरून साऱ्या लोकसंख्येविषयी विधान केलं, हा फ्लॉ. स्वतःच्या निबंधातल्या मर्यादांच्या भागात ‘फ्लॉज’ लिहिणारा विनम्र दिसत नाही, तो परीक्षकाच्या हाती कोलीत देतो. उलट खरा फ्लॉ लिमिटेशनच्या नावाखाली दडवणं हा त्याहून वाईट आणि त्याहून प्रचलित प्रकार. परीक्षक तिथेच आधी पाहतात.

माणसांबद्दल लिहिताना सगळ्यात जपून. ‘डिफेक्ट’ माणसाला लावायचा नाही. हृदयाच्या कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असेल तर ‘सेप्टल डिफेक्ट’ म्हणतात, कारण तिथे बोलणं पडद्याविषयी आहे, मुलाविषयी नाही. ‘बर्थ डिफेक्ट’च्या जागी ‘कंजेनिटल ॲनॉमली’ वापरण्याकडे कल वाढलाय तो याच विचाराने. रंग ओळखण्याच्या अडचणीला ‘कलर ब्लाइंडनेस’ऐवजी ‘कलर व्हिजन डेफिशियन्सी’ म्हणतात, ते मात्र बहुतेकांना रंग थोडेफार दिसतातच म्हणून, म्हणजे अचूकतेसाठी. स्वभावाबद्दल ‘फेलिंग’ हा समजूतदार शब्द: दोष आहे, पण माणूसपणाचा. ‘फॉइबल’ त्याहून हलका, कौतुक मिसळलेला. तो तलवारबाजीतून आला. पात्याचा टोकाकडचा कमजोर भाग फॉइबल आणि मुठीजवळचा भक्कम भाग फोर्ट, ज्यावरून ‘माय फोर्ट’ म्हणजे माझी हातखंडा गोष्ट. ‘वीकनेस’पुढचं अव्यय सांभाळा. ‘वीकनेस इन मॅथ्स’ म्हणजे गणित कच्चं, ‘वीकनेस फॉर मॅथ्स’ म्हणजे गणित पाहिलं की मोह आवरत नाही. अर्जात हे उलटं पडलं तर अर्जदाराचं नुकसान होईलच असं नाही, पण वाचणारा गोंधळेल.

शिफारसपत्रात किंवा वार्षिक मूल्यमापनात ‘शॉर्टकमिंग’ लिहिताना विशेषण तोलून घ्यावं. ‘मायनर’ लावलं तर वाचणारा ओलांडून पुढे जातो. ‘ग्लेअरिंग’ लावलं तर डोळ्यांत खुपणारी, म्हणजे इतरांना कशी दिसली नाही असा गर्भित सवालही आला. चौकशी अहवालांतलं ‘सीरियस शॉर्टकमिंग्ज’ हे जोडपं वरून सभ्य, आतून जबर: ज्याच्या कामाबद्दल ते लिहिलंय त्याला पुढच्या परिच्छेदात बहुधा खुलासा मागितलेला असतो. आणि ‘नॉट विदाउट इट्स शॉर्टकमिंग्ज’ म्हटलं की पुढच्या वाक्यात निदान एक उणीव नावानिशी सांगावी लागते. ती न सांगता परिच्छेद संपवला, तर लिहिणाऱ्याने वस्तू नीट पाहिलेलीच नाही हे कळून येतं.